हाय-लेव्हल भाषेतून प्रोसेसरची इन्स्ट्रक्शन वापरताय? वेळ कुठे जातो ते असं शोधा

पायथॉन, जावा, गो असलं काहीतरी लिहिता लिहिता एक दिवस कोणीतरी सांगतं की अरे हे काम प्रोसेसरमध्ये एकाच इन्स्ट्रक्शनमध्ये, म्हणजे त्याला थेट कळणाऱ्या एका आज्ञेत होतं, मग आपण सीमध्ये दोन ओळींचं फंक्शन लिहितो, ते पायथॉनमधून बोलावतो, आणि प्रोग्रॅम आधीपेक्षा हळू चालायला लागतो. रत्नागिरी, चिपळूण, कुडाळकडच्या कॉलेजांत प्रोजेक्ट करणाऱ्या बऱ्याच मुलांचं घोडं नेमकं इथेच पेंड खातं. इन्स्ट्रक्शन खरंच वेगवान असते, त्यात काही खोटं नाही, पण तिच्यापर्यंत जायचा आणि परत यायचा खर्च तिच्या शंभरपट असू शकतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. हा खर्च कुठे बसतो, कसा मोजायचा आणि कसा टाळायचा ते सगळं क्रमाने लिहितोय, नवीन माणसाला समजेल अशा बेताने.

उदाहरण शेवटपर्यंत एकच घेऊ म्हणजे गोंधळ नको. देवगडकडे आंब्याच्या पॅकिंग शेडमध्ये पट्ट्यावर कॅमेरा लावलाय, मागे रास्पबेरी पाय (एका बोर्डावरचा छोटा कॉम्प्युटर, पुढे नुसतं पाय) किंवा साधा लॅपटॉप. पट्टा थांबला की कॅमेरा त्याच आंब्याचे तेच ते फोटो काढत बसतो, ते डुप्लिकेट काढून टाकायचेत. (आतला साका, म्हणजे गरातला दोष, बाहेरच्या फोटोत दिसत नाही, तो प्रश्न वेगळा आणि फार अवघड, इथे नको.) पद्धत सोपी आहे: प्रत्येक फोटो ८ बाय ८ इतका लहान करायचा, प्रत्येक ठिपका सरासरीपेक्षा उजळ असेल तर १ नाहीतर ०, की झाला ६४ बिटांचा ठसा. दोन ठशांचा एक्सॉर घ्यायचा, म्हणजे बिट वेगळे तिथे १ आणि सारखे तिथे ०, आणि त्यात १ किती आहेत ते मोजायचं. आकडा लहान आला म्हणजे फोटो जवळपास सारखे. हे १ मोजायचं काम म्हणजेच पॉपकाउंट. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये ही इन्स्ट्रक्शन २००८ च्या नेहालेम पिढीपासून आहे, एएमडीने ती त्याच्या एक वर्ष आधी बार्सिलोनामध्ये आणली होती.

दिवसाचे २०,००० फोटो धरा. प्रत्येकाची प्रत्येकाशी तुलना केली तर जोड्या होतात जवळपास २० कोटी. हा २० कोटीचा आकडा लक्षात ठेवा, पुढे सारखा लागणार आहे.

आधी हाताशी काय काय हवं

- लिनक्स असलेलं मशीन. विंडोजवर असाल तर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) चालेल, पण शेवटचं मोजमाप खऱ्या मशीनवरच करा
- जीसीसी किंवा क्लँग हा सी कंपायलर, आणि ऑब्जडम्प, जे तयार फाईलमधली असेंब्ली (प्रोसेसरच्या इन्स्ट्रक्शन वाचता येतील अशा रूपात) दाखवतं
- पर्फ हे टूल, प्रोग्रॅमचा वेळ कुठे जातो ते दाखवणारं
- तुमच्या भाषेचं स्वतःचं बेंचमार्क टूल: पायथॉनला टाइमइट किंवा पायपर्फ, जावाला जेएमएच, सी शार्पला बेंचमार्कडॉटनेट, रस्टला क्रायटेरियन, गोमध्ये तर ते टेस्टबरोबर आतच येतं
- ब्राउझरमध्ये कंपायलर एक्सप्लोरर, ज्याला सगळे गॉडबोल्ट म्हणतात. कोड टाकला की शेजारी असेंब्ली दिसते, काही इन्स्टॉल करायला नको, मोबाईलच्या नेटवर पण चालतं
- तुमच्या प्रोसेसरचं नाव आणि त्याच्या क्षमतांची यादी, ती एलएससीपीयू या कमांडने मिळते

असेंब्ली लिहिता आली पाहिजे असं काही नाही, पण दहा-पंधरा ओळी बघून कॉल कुठे आहे आणि लूप कुठे आहे एवढं ओळखता आलं पाहिजे.

१. ती इन्स्ट्रक्शन तुमच्या भाषेत आधीच आहे का ते बघा

ही पायरी लोक गाळतात आणि नंतर आठवडा घालवतात. बऱ्याच भाषांमध्ये साध्या दिसणाऱ्या फंक्शनमागे हीच इन्स्ट्रक्शन असते आणि तिथे कॉल होतच नाही, कंपायलर त्या जागी सरळ इन्स्ट्रक्शन ठेवून देतो.

जावामध्ये लाँग क्लासचं बिटकाउंट आहे. त्याचा सोर्स उघडलात तर शिफ्ट आणि बेरजांचा कोड दिसेल आणि वाटेल की हे हळू असणार, पण हॉटस्पॉट (जावा चालवणारं नेहमीचं इंजिन) त्या नावाला ओळखतो आणि गरम झालेल्या, म्हणजे खूप वेळा चाललेल्या कोडमध्ये त्याच्या जागी पॉपकाउंट टाकतो. गोमध्ये १.९ पासून म्हणजे २०१७ पासून मॅथ-बिट्स पॅकेज आहे, त्यातलं वनस्काउंट६४ तसंच. सी शार्पमध्ये बिटऑपरेशन्सचं पॉपकाउंट, आणि २०१९ च्या डॉटनेट कोअर ३.० पासून तर प्रोसेसरच्या इन्स्ट्रक्शनच्या नावांनीच फंक्शनं मिळतात. रस्टमध्ये काउंट-वन्स. सी++२० मध्ये स्टँडर्ड लायब्ररीतच पॉपकाउंट आला.

पायथॉनमध्ये ३.१० पासून पूर्णांकाला बिट-काउंट ही मेथड आहे. त्याआधी आकड्याची बायनरी स्ट्रिंग करून त्यातले १ मोजायचे, तो जुगाड अजून सगळीकडे सापडतो, तो काढून बिट-काउंट टाकलं तरी फरक लगेच दिसतो. पण पायथॉनचा पूर्णांक हा स्वतःच एक ऑब्जेक्ट आहे, आत ३०-३० बिटांचे तुकडे करून ठेवलेला, म्हणजे आपला ६४ बिटांचा ठसा तीन तुकड्यांत बसतो. मेथड शोधणं, ऑब्जेक्ट उलगडणं, उत्तराचा ऑब्जेक्ट देणं हे सगळं त्या एका इन्स्ट्रक्शनच्या आजूबाजूला होतंच. म्हणून पायथॉनवाल्यांना पायरी ४ वाचल्याशिवाय गत्यंतर नाही.

२. रिकामा कॉल मोजा

सीमध्ये असं फंक्शन लिहा जे काहीच करत नाही, एक आकडा घेतं आणि तोच परत देतं. ते तुमच्या भाषेतून लाखो वेळा बोलवा, लागलेल्या वेळेला कॉलच्या संख्येने भागा. लूपचा स्वतःचा वेळ वेगळा मोजून वजा करा. जो आकडा उरतो तो तुमचा सीमा ओलांडायचा खर्च, आणि आत कितीही भारी इन्स्ट्रक्शन लिहिलीत तरी त्याच्या खाली तुम्ही जाऊ शकत नाही.

अंदाज यावा म्हणून प्रमाण सांगतो, मशीनप्रमाणे बदलेल. ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरला एक सायकल म्हणजे एक तृतीयांश नॅनोसेकंद. पॉपकाउंटचं उत्तर इंटेलच्या बऱ्याच पिढ्यांवर ३ सायकलमध्ये येतं आणि दर सायकलला नवीन एक सुरू करता येते. आता पलीकडची बाजू बघा, म्हणजे प्रत्येक भाषेतून सीला बोलावायच्या सोयी: पायथॉनचं सीटाइप्स एका कॉलला काही शे नॅनोसेकंद घेतं, गोचं सीगो काही दहा नॅनोसेकंद, जावाचं जेएनआय आणि सी शार्पचं पी-इन्व्होक साधारण त्याच्या खाली किंवा आसपास.

आपल्या २० कोटीला लावून बघा. सीटाइप्सचा कॉल ३०० नॅनोसेकंदाचा धरला तर नुसतं जाण्यायेण्यात ६० सेकंद. ५० नॅनोसेकंदाचा कॉल धरला तर १० सेकंद. आणि कॉल नसलाच, दर सायकलला एक पॉपकाउंट, तर सगळं काम सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत. इन्स्ट्रक्शन तिन्हीकडे तीच आहे.

३. खर्च कशाकशाचा असतो

हे समजलं की उपाय आपोआप सुचतात, म्हणून इथे थोडं थांबू.

पहिला भाग म्हणजे आकडे बदलणं. पायथॉनच्या ऑब्जेक्टमधून कच्चा ६४ बिटांचा आकडा काढायचा, उत्तराचा परत ऑब्जेक्ट करायचा. सीटाइप्स तर दर कॉलला प्रत्येक आर्ग्युमेंटचा टाइप बघतं, लिबएफएफआय या लायब्ररीमधून कॉल बांधतं, आणि नेहमीच्या सीडीएलएल प्रकारात जीआयएल (एकावेळी एकाच थ्रेडला पायथॉन चालवू देणारं कुलूप) सोडून परत घेतं. एवढं सगळं एका इन्स्ट्रक्शनसाठी.

दुसरा भाग रनटाइमची सावधगिरी. जावाच्या व्हर्च्युअल मशीनला गार्बेज कलेक्टर (नको असलेली मेमरी मोकळी करणारा) कधीही चालवायचा असतो, म्हणून थ्रेड नेटिव्ह, म्हणजे सीच्या कोडमध्ये गेला की तशी नोंद करावी लागते, परत येताना कलेक्टर थांबायला सांगतोय का ते बघावं लागतं. गोमध्ये गोरुटीनचा (गोच्या हलक्या थ्रेडचा) स्टॅक छोटा असतो, सीला मोठा लागतो, म्हणून सीगो कॉलमध्ये स्टॅक बदलतो आणि शेड्युलरला कळवावं लागतं की हा थ्रेड बाहेर गेलाय. फंक्शन अगदी छोटं आणि कुठेही न अडकणारं असेल तर ही नोंद टाळायची सोय काही ठिकाणी आहे: डॉटनेट ५ पासून सप्रेस-जीसी-ट्रान्झिशन नावाचं ॲट्रिब्यूट, आणि जावा २२ मध्ये पक्क्या झालेल्या नव्या फॉरेन फंक्शन एपीआयमध्ये क्रिटिकल नावाचा पर्याय. दोन्ही जपून वापरा, आत फाईल वाचणं, लॉक घेणं, झोपणं असलं काही केलंत तर अख्खा प्रोग्रॅम कलेक्टरसाठी ताटकळत बसेल.

तिसरा भाग मोजमापात वेगळा दिसत नाही आणि बहुतेक वेळा तोच सगळ्यात मोठा असतो. कॉल असला की कंपायलर पलीकडे बघू शकत नाही. फंक्शन इनलाइन होत नाही (म्हणजे त्याचा कोड कॉलच्या जागी येत नाही), रजिस्टरमधले (प्रोसेसरच्या आतल्या जागांमधले) आकडे मेमरीत ठेवून परत आणावे लागतात, लूप उलगडता येत नाही, चार-चार आकडे एकदम घ्यायची व्हेक्टरची युक्ती करता येत नाही. गोमध्ये लोक सीगो नको म्हणून गोचीच असेंब्ली लिहितात, ती सीगोपेक्षा खूप स्वस्त पडते, पण असेंब्लीत लिहिलेलं फंक्शन गोचा कंपायलर इनलाइन करत नाही. वर २०२१ च्या १.१७ पासून गोची स्वतःची फंक्शनं आर्ग्युमेंट रजिस्टरमधून देतात आणि असेंब्लीवाली अजून स्टॅकवरूनच घेतात, त्यामुळे मध्ये एक जोडफंक्शन येतं. एका इन्स्ट्रक्शनसाठी असेंब्ली फंक्शन लिहू नका, मॅथ-बिट्स वापरा.

४. लूपच पलीकडे पाठवा

दाभोळहून धोपाव्याला जाणारी फेरीबोट एका माणसाला घेऊन निघाली काय आणि गाड्यांनी भरून निघाली काय, खाडी पार करायला वेळ तेवढाच. कॉलचं तसंच आहे. २० कोटी वेळा एकेक ठसा पाठवू नका, सगळे ठसे एका ॲरेत ठेवून एकदाच पाठवा आणि लूप पलीकडे चालू द्या.

सीमधल्या फंक्शनला ठशांच्या ॲरेचा पॉइंटर, लांबी आणि उत्तरासाठी दुसरा ॲरे द्या. एक फोटो विरुद्ध बाकी सगळे, असं एका कॉलमध्ये केलंत तर २० कोटी कॉलचे २०,००० कॉल होतात. मग सीटाइप्सचे ३०० नॅनोसेकंद धरून एकूण खर्च ६ मिलिसेकंद. तो विसरून जा.

पायथॉनमध्ये सी लिहायची सुद्धा गरज नाही. जून २०२४ मध्ये आलेल्या नमपाय (पायथॉनची ॲरेची लायब्ररी) २.० मध्ये बिटवाइज-काउंट आहे, पूर्ण ॲरेवर चालतं. एक ठसा आणि अख्खा ॲरे यांचा एक्सॉर, त्यावर बिटवाइज-काउंट, झालं.

इथे दोन ठिकाणी लोक पडतात. एक म्हणजे उत्साहात सगळ्यांचा सगळ्यांशी एक्सॉर एकाच फटक्यात घेणं. २०,००० गुणिले २०,००० गुणिले ८ बाइट म्हणजे ३.२ जीबी, २ जीबीच्या पायवर हे मरणारच आणि ८ जीबीच्या लॅपटॉपवर सुद्धा मेमरीची वाट बघण्यात वेळ जाईल. ओळीओळीने करा. एक ओळ १६० केबीची होते, ती पाय ४ च्या १ एमबी एल२ कॅशमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या वेगवान मेमरीत) आरामात बसते आणि सगळा खेळ तिथेच उरकतो. दुसरं म्हणजे ॲरेचा टाइप. यूइंट६४ असं स्पष्ट लिहा. लिस्टमधून ॲरे करताना टाइप ऑब्जेक्ट पडला तर नमपाय आतून परत एकेक पायथॉन ऑब्जेक्टच हाताळत बसतं आणि बाहेरून काहीच कळत नाही. लिस्टचा ॲरे करायचं काम पण लूपच्या बाहेर एकदाच करायचं, दर फेरीला केलंत तर खर्च नुसता जागा बदलतो.

जावावाल्यांसाठी एक: जेएनआयला मोठा ॲरे देताना तो कॉपी होतो की नाही ते तुम्ही कुठलं फंक्शन वापरता त्यावर आहे. वारंवार द्यायचा असेल तर डायरेक्ट बायटबफर किंवा नव्या एपीआयचा मेमरी सेगमेंट घ्या, डेटा पहिल्यापासून तिथेच ठेवा.

५. सीमध्ये पोचल्यावर: बिल्टइन घ्या, इनलाइन असेंब्ली शेवटी

पलीकडे गेल्यावर इन्स्ट्रक्शन सांगायचे तीन मार्ग आहेत. कंपायलरचं बिल्टइन (त्याला आतून माहीत असलेलं फंक्शन), प्रोसेसर कंपनीचे इंट्रिन्सिक (इन्स्ट्रक्शनच्या नावांची फंक्शनं), आणि इनलाइन असेंब्ली (सीच्या कोडमध्येच लिहिलेली असेंब्ली). नवीन माणसाला वाटतं असेंब्ली सगळ्यात वेगवान कारण ती सगळ्यात खालची. पण कंपायलरला त्या असेंब्लीच्या आत काय चाललंय ते समजत नाही. बिल्टइनला ठराविक आकडा दिलात तर उत्तर तो कंपाइल करतानाच काढून ठेवतो, असेंब्लीचं तसं करू शकत नाही. बिल्टइनचा लूप दिसला तर क्लँग एव्हीएक्स२ (इंटेल-एएमडीच्या व्हेक्टर इन्स्ट्रक्शन) वापरून एकदम चार ठसे मोजणारा कोड स्वतः बनवतो, आणि प्रोसेसरमध्ये व्हेक्टरचा पॉपकाउंट असेल, जो इंटेलच्या नेहमीच्या प्रोसेसरांत आइस लेक पिढीत आला, तर तो वापरतो. तुम्ही असेंब्लीत पॉपकाउंट असं लिहून टाकलंत की तो बिचारा एकेकच करत राहतो, कारण तुम्ही तसंच सांगितलंत. शिवाय व्हिज्युअल सी++ ६४ बिटांत इनलाइन असेंब्ली घेतच नाही.

एक खाच इथे सांगितलीच पाहिजे. सँडी ब्रिजपासून स्कायलेकपर्यंतच्या इंटेल प्रोसेसरांत पॉपकाउंट ही उत्तर ज्या रजिस्टरमध्ये लिहिते त्याच्या जुन्या किमतीची विनाकारण वाट बघते. त्यामुळे लूपमध्ये एक इन्स्ट्रक्शन दुसरीसाठी थांबते आणि वेग बराच पडतो. जीसीसी आणि क्लँगला हे माहीत आहे, ते आधी ते रजिस्टर शून्य करून टाकतात. हाताने असेंब्ली लिहिणाऱ्याला हे स्वतःच सांभाळावं लागतं. सेकंडहँड बाजारात मिळणारे बरेच लॅपटॉप याच पिढ्यांचे आहेत म्हणून हा मुद्दा जुना झालेला नाही.

६. फ्लॅग दिला नाही तर इन्स्ट्रक्शन येतच नाही

६४ बिट एक्स८६ चा, म्हणजे इंटेल-एएमडीच्या इन्स्ट्रक्शन संचाचा मूळ पाया २००३ चा आहे आणि त्यात पॉपकाउंट नाही. म्हणून जीसीसीला नुसतं ऑप्टिमायझेशन ओ-टू देऊन बिल्टइन वापरलंत तर तो लिबजीसीसीमधल्या एका फंक्शनला कॉल टाकतो. म्हणजे जो कॉल टाळायला एवढा खटाटोप केला तो परत आत आलाच. एम-पॉपकाउंट (-mpopcnt) हा फ्लॅग द्या, किंवा मार्च (-march, प्रोसेसरचा प्रकार सांगणारा फ्लॅग) मध्ये एक्स८६-६४-व्ही२ द्या. व्ही२ मध्ये पॉपकाउंट येतो, व्ही३ मध्ये एव्हीएक्स२ पण येतं.

मार्च-नेटिव्ह हा फ्लॅग सगळे सुचवतात. तो तुमच्याच मशीनवर चालवायच्या कोडला ठीक. पण कॉलेजच्या लॅबमध्ये कंपाइल करून तीच फाईल शेडमधल्या जुन्या पीसीवर नेलीत तर इल्लीगल इन्स्ट्रक्शन म्हणून प्रोग्रॅम तिथल्या तिथे आडवा होतो, आणि मेसेज वाचून कुणाला काही कळत नाही.

गोमध्ये १.१८ पासून गोएएमडी६४ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहे. ते व्ही२ केलं नाही तर वनस्काउंट६४ दर वेळी आधी तपासतं की या प्रोसेसरमध्ये पॉपकाउंट आहे का. तपासणी स्वस्त आहे, पण २० कोटी वेळा आहे.

रस्टवाल्यांनी हे नीट वाचा. टार्गेट-फीचर ॲट्रिब्यूट लावलेलं फंक्शन, ते ॲट्रिब्यूट नसलेल्या फंक्शनमध्ये इनलाइन होत नाही. म्हणून ते एका आकड्याच्या छोट्या फंक्शनला लावाल तर दर आकड्याला कॉल बसेल. लूप ज्या फंक्शनमध्ये आहे त्याला लावा.

७. असेंब्ली उघडून बघा

विश्वासावर पुढे जाऊ नका. ऑब्जडम्पला वजा डी देऊन तुमच्या लायब्ररीची असेंब्ली काढा आणि पॉपकाउंटचं नाव (popcnt) शोधा. मिळालं तर त्याच्या वरखाली बघा, कॉल ही इन्स्ट्रक्शन लूपच्या आत आहे का? असेल तर काहीतरी इनलाइन झालेलं नाही. पर्फ रेकॉर्ड आणि मग पर्फ ॲनोटेट केलंत तर कुठल्या ओळीवर वेळ जातोय ते टक्क्यांत दिसतं. पर्फ परवानगी नाही म्हणालं तर पर्फ-इव्हेंट-पॅरानॉइड ही सेटिंग कमी करावी लागते.

रास्पबेरी पायवर पॉपकाउंट शोधत बसू नका, तिथे आर्म प्रकारचा प्रोसेसर आहे. पाय ४ चा कॉर्टेक्स-ए७२ आणि पाय ५ चा कॉर्टेक्स-ए७६, दोघांतही साध्या रजिस्टरवर चालणारी १ मोजायची इन्स्ट्रक्शन नाही. आकडा आधी व्हेक्टर रजिस्टरमध्ये न्यायचा, तिथे सीएनटी प्रत्येक बाइटचे १ मोजते, मग आठ बाइटांची बेरीज, मग उत्तर परत साध्या रजिस्टरमध्ये. एका आकड्यासाठी हे जाणंयेणं महाग आहे. पण ॲरेवर चाललात तर डेटा मेमरीतून थेट व्हेक्टर रजिस्टरमध्ये येतो, एकावेळी दोन ठसे, आणि तोच प्रोसेसर सुसाट जातो. लॅपटॉपवर मोजलेलं प्रमाण पायवर लागू होत नाही ते यामुळे.

८. मोजमाप फसवतं ते असं

मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेला पाय ४ तापून ८० अंशाला गेला की स्वतःचा वेग कमी करतो. सकाळी घेतलेला आकडा आणि दुपारी घेतलेला आकडा यांची तुलनाच होत नाही. पायच्या व्हीसीजेनसीएमडी या कमांडला गेट-थ्रॉटल्ड विचारा, उत्तर शून्य नसेल तर ते मोजमाप फेकून द्या. तीच कमांड व्होल्टेज कमी पडलं तरी सांगते, आणि आपल्याकडे ते पडतंच. हीटसिंक आणि छोटा पंखा लावा.

लॅपटॉपवर दुसराच प्रकार. पाऊस सुरू झाला की लाईट जाते, लॅपटॉप बॅटरीवर जातो, फ्रीक्वेन्सी खाली येते, आणि बेंचमार्क अर्ध्यात आहे. चार्जर लावूनच मोजा, गव्हर्नर (लिनक्समधली प्रोसेसरचा वेग ठरवणारी सेटिंग) परफॉर्मन्सवर ठेवा, आणि दोन पद्धतींची तुलना करताना आधी सगळं हे, मग सगळं ते असं न करता आलटून पालटून चालवा, म्हणजे मध्ये काही बदललं तर दोघांनाही सारखं लागेल.

उत्तर वापरलं नाही तर कंपायलर अख्खा लूप उडवतो आणि मग शून्य नॅनोसेकंद असा आकडा येतो, त्यावर नाचू नका. सगळ्या उत्तरांची बेरीज करून शेवटी छापा. जावा आणि डॉटनेटमध्ये पहिल्या काही हजार फेऱ्या इंटरप्रिटरमध्ये किंवा कच्च्या कंपाइलमध्ये जातात, तिथे इंट्रिन्सिक बऱ्याचदा लागलेलाच नसतो, म्हणून हाताने स्टॉपवॉच लावण्यापेक्षा जेएमएच किंवा बेंचमार्कडॉटनेट घ्या, ती गरम करून मगच मोजतात.

घड्याळ पण बघा. एक्स८६ वर आरडीटीएससी (प्रोसेसरच्या आतलं वेळेचं काउंटर) वाचणं हाच वीस-पंचवीस सायकलचा मामला आहे, ते क्रमाचं बंधन पाळत नाही, आणि आजच्या मशीनवर ते ठरलेल्या वेगाने चालतं, प्रोसेसर टर्बोमध्ये असो नाहीतर झोपेत. पाय ४ वरचं सगळ्यांना वाचता येणारं काउंटर ५४ मेगाहर्ट्झचं आहे, म्हणजे एक टिक साडेअठरा नॅनोसेकंदाची. त्यात एक इन्स्ट्रक्शन मोजणं शक्यच नाही. नेहमी लाखोंचा लूप मोजून भागाकार करा.

९. सगळ्या इन्स्ट्रक्शन स्वस्त नसतात

वरचं सगळं पॉपकाउंटसारख्या हलक्या इन्स्ट्रक्शनचं झालं. काही मुळातच जड आहेत, त्यांच्यासाठी कॉलचा खर्च प्रमाणात कमी ठरतो.

सीपीयूआयडी ही प्रोसेसरची ओळख विचारणारी इन्स्ट्रक्शन शंभराच्या वर सायकल घेते, आणि क्लाउडच्या व्हर्च्युअल मशीनवर ती दर वेळी हायपरव्हायजरकडे (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅमकडे) जाऊन येते, तिथे हजाराच्या वर सायकल सहज जातात. काही जण प्रत्येक फंक्शनच्या सुरुवातीला हीच तपासणी ठेवतात. प्रोग्रॅम सुरू होताना एकदा विचारा आणि उत्तर व्हेरिएबलमध्ये ठेवा. आरडीरँड, म्हणजे यादृच्छिक आकडा देणारी, ती सुद्धा शेकड्यातली आहे. कुठली किती घेते ते प्रोसेसरप्रमाणे ॲग्नर फॉग यांच्या तक्त्यांत आणि यूऑप्स-डॉट-इन्फोवर मिळतं, लिहायच्या आधी एकदा तिथे डोकावा.

१०. दुसऱ्याच्या मशीनवर द्यायच्या आधी

बागायतदाराच्या शेडमध्ये कुठला पीसी असेल ते आपल्या हातात नसतं. म्हणून दोन आवृत्त्या ठेवा, एक इन्स्ट्रक्शन वापरणारी आणि एक साधी, आणि सुरुवातीलाच तपासून निवडा. जीसीसीमध्ये टार्गेट-क्लोन्स ॲट्रिब्यूट दिलं की तो हे स्वतः करतो, फक्त ते लूपवाल्या मोठ्या फंक्शनला द्या, कारण निवडलेली आवृत्ती इनलाइन होत नाही, अप्रत्यक्ष कॉलनेच जाते. अल्पाइन लिनक्सवर ही सोय चालत नाही, तिथली मसल ही सी लायब्ररी त्याला लागणारी यंत्रणा देत नाही, मग फंक्शन पॉइंटर हातानेच ठेवा. सी शार्पमध्ये इज-सपोर्टेड असं विचारता येतं आणि जेआयटी (प्रोग्रॅम चालतानाच कंपाइल करणारा कंपायलर) त्याचं उत्तर कंपाइल करतानाच ठरवून नको ती बाजू काढून टाकतो, म्हणजे तिथे ही तपासणी फुकट आहे.

दोन्ही आवृत्त्यांचं उत्तर सारखं येतं का ते तपासा. ठसा सगळा शून्य, सगळा एक, फक्त सगळ्यात वरचा बिट एक, हे तीन आकडे हमखास घ्या. वरचा बिट यासाठी की जावामध्ये लाँग चिन्हासकट असतो, पायथॉनमध्ये ऋण आकड्याचं बिट-काउंट त्याच्या धन किमतीचं येतं, आणि सीमध्ये ६४ बिटांच्या जागी चुकून ३२ बिटांचं बिल्टइन वापरलंत तर वरचे ३२ बिट गुपचूप गळतात. प्रोग्रॅम वेगवान चालतो, एरर येत नाही, आणि वेगवेगळे आंबे डुप्लिकेट म्हणून कापले जातात. ही टेस्ट शेडमधल्या मशीनवर चालवा, तिथेच, आणि साधी आवृत्ती मुद्दाम जबरदस्तीने निवडून पण एकदा चालवा.